लॅमिंग्टन रोडचा सुटा माल आणि घरी बांधलेला रेडिओ

मुलांबरोबर घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करायचे तर सामान कुठून आणायचं, असं शाळेतले पालक मला नेहमी विचारतात. माझं उत्तर एकच असतं. रंगीत खोक्यातलं तयार किट आधी घेऊ नका. मुंबईत ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर जा आणि सुटे भाग घ्या. इतक्या ठामपणे का सांगते ते आज सविस्तर लिहिते. काउंटरवर कसं वागवतात, माल कसा निघतो, काय भावाने मिळतो आणि त्यातून घरी काय काय बनलं, सगळंच.

मी डोंबिवलीत राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स होतं, तेव्हापासून या रस्त्याशी ओळख आहे. शनिवारी दुपारी आमच्या इमारतीतली सहावी ते दहावीची मुलंमुली आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. टेबलावर जुनं प्लायवूड टाकायचं, खिडक्या उघडायच्या, पंखा जरा दूरचा लावायचा आणि कामाला लागायचं. या मंडळींना लागणारा जवळजवळ सगळा माल लॅमिंग्टन रोडचा असतो.

रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव मात्र लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. टॅक्सीवाल्यालाही तेच सांगावं लागतं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी, बऱ्याच जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. पूर्वेला बाहेर पडलं की चालत काही मिनिटांवर बाजार सुरू होतो. रविवारी बाजार बंद. सकाळी अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही आणि शनिवारी संध्याकाळी काउंटरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. मी सुट्टीच्या दिवसांत मंगळवार किंवा बुधवारची दुपार धरते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला दर्शनी भागात कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, स्पीकर, केबल, सोलरचे दिवे हेच दिसतं आणि वाटतं, आपण चुकीच्या जागी आलो. आपल्या कामाचा माल आतल्या गल्ल्यांमध्ये, जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यांमध्ये आणि पहिल्या मजल्यांवर आहे. एका काउंटरवर फक्त आयसी (अख्खं सर्किट सामावलेला छोटा काळा तुकडा) आणि ट्रान्झिस्टर. दुसऱ्यावर प्रवाह अडवणारे रेझिस्टर आणि वीज साठवणारे कपॅसिटर. कनेक्टर, स्विच, नॉब विकणारा तिसरा. ट्रान्सफॉर्मर आणि वाइंडिंग वायर विकणारा आणखी कोणी, तोही वायर वजनावर देतो. या वाटणीमुळे पाय दुखतात हे खरं, पण प्रत्येक काउंटरवरच्या माणसाला आपल्या मालाची आतून-बाहेरून माहिती असते. बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर संपला असेल तर त्याच्या जागी काय चालेल हे तो विचार न करता सांगतो.

तिथे बोलण्याची एक रीत आहे, ती पाळली की सगळं सोपं जातं. घरून यादी लिहून न्यायची. यादीत नुसतं ‘रेझिस्टर’ लिहून भागत नाही. ‘१० के, पाव वॅट, २० नग’ असं लिहावं (के म्हणजे हजार ओहम). ‘यातून काय बनवता येईल हो?’ असं विचारायची ती जागा नाही, मागे दहा जण उभे असतात. पण यादी नीट असेल तर तोच माणूस आपणहून मदत करतो. माझ्या नेहमीच्या आयसीवाल्या काकांनी माझी यादी वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “बेन, ट्रिपल फाइव के साथ बेस भी ले लो. बच्चे लोग सीधा सोल्डर करेंगे तो आयसी गरम हो के जाएगा.” बेस म्हणजे आयसी दाबून बसवायची खोबण; आठ पायांचा बेस दोन-तीन रुपयांना पडतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सर्किटमध्ये आधी बेस सोल्डर होतो आणि आयसी सर्वांत शेवटी दाबून बसवली जाते. खोक्याबरोबर येणाऱ्या कुठल्याच पुस्तिकेत मला हा सल्ला असा वेळेवर मिळालेला नाही.

भावाचं बोलायचं तर ५५५ आयसी दहाच्या आसपास, बीसी५४७ एक-दोन रुपयांना, पाव वॅटचे रेझिस्टर शंभराच्या पाकिटात घेतले तर नगाला काही पैसे. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जुळवायची पाटी) ऐंशी ते शंभर. एलईडी रुपया-दीड रुपयाला. आकडे मागेपुढे होतात, तरी एका मुलाचा पहिला प्रकल्प शंभर-दीडशे रुपयांत उभा राहतो. इतक्या स्वस्तात असल्यामुळे ट्रान्झिस्टर जळला तर मूल घाबरत नाही. हातातला भाग महाग असेल तर मूल तो जपून ठेवतं, त्याला हात लावत नाही, आणि मग शिकणंच थांबतं.

हत्यारं मात्र स्वस्तातली घेऊ नका. सोल्डरिंग आयर्न मी २५ वॅटची सोल्ड्रॉन वापरते. अडीचशे-तीनशेच्या घरात येते, हातात हलकी आहे आणि मुलांच्या वापरातही टिकली आहे. फूटपाथवर शंभर रुपयांत मिळणारी बिनब्रँडची आयर्न नको, तिच्या प्लगवर आणि वायरवर माझा विश्वास नाही. सोल्डर वायर ६०/४० ची, आत रोझिन (सांधा नीट बसवणारी राळ) असलेली घ्यावी. ती १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते, लवकर घट्ट होते आणि नवशिक्या हातानेही चकचकीत सांधा बसतो. तिच्यात शिसं असतं. म्हणून आमच्या टेबलावर कामाच्या वेळी खाणंपिणं पूर्ण बंद, आणि उठलं की साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी दाराबाहेर जात नाही. याशिवाय लोखंडी स्टँड, ओला स्पंज, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डरिंग पंप आणि पिवळा डीटी-८३०डी मल्टिमीटर एवढं पुरतं. हा मीटर बॅटरीच्या सर्किटांसाठी उत्तम आहे. घरच्या २३० व्होल्टच्या बोर्डात त्याच्या टोकांना मुलांनी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. आमचे सगळे प्रकल्प बॅटरीवर किंवा बंद अडॅप्टरवर चालतात.

आता या मालातून काय बनलं ते सांगते.

दिवाळीत आकाशकंदील. दरवर्षी नवी मुलं येतात आणि दरवर्षी हाच पहिला प्रकल्प असतो, कारण तो गॅलरीत टांगता येतो आणि सगळ्या इमारतीला दिसतो. ५५५ आणि सीडी४०१७ अशा दोन आयसी. ५५५ ठोके देते, ४०१७ ते मोजते आणि दहा एलईडी एकामागून एक पेटवत जाते. ५५५ हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केली, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही आपण ती दहा रुपयांत घेतो. तिच्या पोटात सारख्या किमतीचे तीन रेझिस्टर ओळीने आहेत. त्यांच्यामुळे पुरवठ्याच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश या दोन खुणा तयार होतात. बाहेरचा कपॅसिटर या दोन खुणांमध्ये भरतो आणि रिकामा होतो, तोच ठोका. १० के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरड घातले तर साधारण सेकंदाला एक ठोका पडतो. मुलं आधी घड्याळ लावून हे तपासतात, मग ६८ के काढून तिथे प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) बसवतात आणि हवा तसा वेग ठेवतात.

४०१७ ची गंमत म्हणजे तिचे पाय ओळीने पेटत नाहीत. क्रम आहे ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. सातवीतल्या एका मुलीने हा क्रम पाढ्यासारखा पाठ केला आहे आणि नव्यांना तीच शिकवते. आणखी एक बाब मला आवर्जून सांगायची आहे, कारण अनेक सर्किटांमध्ये ती चुकीची दाखवलेली असते. एका वेळी एकच एलईडी पेटते म्हणून दहांना मिळून एकच रेझिस्टर लावतात. पाच-सहा व्होल्टवर हे चालतं. पण कंदिलाला आम्ही जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतो. तिथे पेटलेल्या एलईडीमुळे विझलेल्या नऊ एलईडींवर उलटा दाब येतो, आणि साधी एलईडी जेमतेम ५ व्होल्ट उलटा दाब सहन करते. म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १ के लावा. खर्च दोन-चार रुपयांनी वाढतो, कंदील मात्र पुढच्या दिवाळीलाही चालू निघतो. कागदाच्या पाकळ्यांमधून तो गोल फिरणारा उजेड बघायला पहिल्या दिवशी आजी-आजोबासुद्धा खाली उतरले होते.

पाण्याच्या टाकीचा अलार्म. आमच्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळी येतं, पंप सुरू होतो आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी खाली कोणाला पत्ता नसतो. दोन बीसी५४७, दोन रेझिस्टर, एक बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी. पाणी वर चढून दोन टोकांना लागलं की त्यातून अगदी बारीक प्रवाह वाहतो, ट्रान्झिस्टर तो वाढवतात आणि बझर वाजतो. गच्चीपासून वॉचमनच्या केबिनपर्यंत जुनी टेलिफोनची वायर ओढली. प्रवाह इतका कमी असतो की लांबीने काही बिघडत नाही. टोकांना तांब्याची तार वापरू नका. डीसी प्रवाहाने धन टोकाचं तांबं पाण्यात झिजतं, हिरवं पडतं आणि थोड्याच काळात अलार्म गप्प होतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. तेही हार्डवेअरच्या दुकानात दोन रुपयांत मिळतात. या अलार्मचं सगळं काम नववीतल्या मुलाने एकट्याने केलं. वॉचमनकाका आता त्याला ‘इंजिनियर’ म्हणून हाक मारतात.

माझ्या मनातला खरा प्रकल्प मात्र रेडिओ. यासाठी मी बाकी सगळं बाजूला ठेवायला तयार असते, आणि याच्यासाठीच लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही.

मीडियम वेव्हचा साधा रेडिओ बांधायला चार गोष्टी मिळवाव्या लागतात: फेराइट रॉड (तार गुंडाळून अँटेना करायची काळी कांडी), गँग (फिरवून केंद्र लावायचा कपॅसिटर), बारीक इनॅमल वायर आणि टीए७६४२ ही तीन पायांची आयसी. दिसायला ती हुबेहूब ट्रान्झिस्टर. आत मात्र अनेक टप्प्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि डिटेक्टर दोन्ही आहेत आणि चालायला दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल पुरतो. तिची मूळ बहीण झेडएन४१४ फेरांटी कंपनीने १९७२ मध्ये आणली होती. टीए७६४२ आणि एमके४८४ या तिच्याच वारसदार. एका गोष्टीची काळजी घ्या: या दोघींच्या पायांचा क्रम सारखा असेलच असं नाही, म्हणून जी हातात आहे तिचीच डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) समोर ठेवून पाय लावा.

रॉड आणि गँग जुन्या रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या गाळ्यांत मिळतात. असे गाळे आता मोजकेच उरलेत. मी ज्यांच्याकडून घेते ते गृहस्थ पुठ्ठ्याच्या खोक्यातून एकेक गँग काढतात, कानाशी धरून फिरवतात आणि घासल्याचा आवाज आला तर बाजूला ठेवतात. चांगली तेवढीच माझ्या हातात देतात. रॉडला कागद गुंडाळून, त्यावर वेढे कसे एकमेकांना चिकटून घ्यायचे, हे त्यांनी काउंटरवरच्या पेनाभोवती तार गुंडाळून दाखवलं होतं. एवढ्या गर्दीत. अशा माणसाच्या सेवेला गुण द्यायचे तर माझ्याकडून पैकीच्या पैकी.

सत्तरच्या आसपास वेढे, टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून काढायचं, कॉइलला समांतर गँग. आयसीच्या आउटपुटपासून कॉइलच्या दुसऱ्या टोकाला १०० के, त्या टोकापासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड, आउटपुटला पुरवठ्याकडून १ के. बस. पुढे आवाजासाठी एलएम३८६. ती कोणताही भाग न जोडता आवाज २० पट वाढवते. १ आणि ८ या पायांमध्ये १० मायक्रोफॅरड टाकला की २०० पट. आठ ओहमचा छोटा स्पीकर जुन्या खेळण्यातून निघाला तरी चालतो. रेडिओच्या भागाला पेन्सिल सेल आणि एलएम३८६ ला ९ व्होल्टची बॅटरी, दोन्हींचं ऋण टोक एकत्र.

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला. तिथपर्यंत पोचायला गँगचे दोन्ही भाग जोडून घ्यावे लागतात, नाहीतर कॉइलचे वेढे वाढवावे लागतात. मुलांनी दोन्ही करून पाहिलं. गँगचा एकच भाग लावला तेव्हा वरच्या टोकाची केंद्रं लागत होती आणि खालचं काहीच नाही. दुसरा भाग जोडला आणि गँग शेवटपर्यंत फिरवली तेव्हा स्पीकरमधून मराठीत बोलणं आलं. वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर अनुनादाचं सूत्र लिहिते. त्या दुपारी ते सूत्र सहा मुलांना बोटांनी कळलं, त्यांपैकी दोघं तर अजून आठवीतसुद्धा नव्हती.

पुढे जे झालं ते मी योजलेलं नव्हतं. एका मुलीच्या लक्षात आलं की रेडिओ हातात धरून गोल फिरलं की आवाज कमीजास्त होतो. फेराइट रॉडचं टोक प्रक्षेपकाच्या दिशेला आलं की आवाज सर्वांत क्षीण होतो आणि रॉड आडवा धरला की सर्वांत मोठा. मग गच्चीवर होकायंत्र घेऊन गेलो. आवाज जिथे बुडाला ती रेषा मुलांनी खडूने आखली. ती पश्चिमेकडे निघाली. नकाशा काढला, डोंबिवलीवरून पट्टी ठेवली आणि ती मालाडच्या दिशेने गेली, जिथे मालवणीला आकाशवाणीचे मनोरे आहेत. खडूच्या त्या रेषेवर वॉचमनकाकांनी आठवडाभर पाणी पडू दिलं नाही.

मग खरखर शोधण्याचा खेळ सुरू झाला. रेडिओ घेऊन घरभर फिरायचं आणि कुठली वस्तू गोंगाट करते ते वहीत टिपायचं. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे काही चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे सापडले. एकाच दिसण्याच्या दोन चार्जरपैकी एक गप्प आणि दुसरा रेडिओ बुडवून टाकणारा, हे कळल्यावर मुलांनी आपापल्या घरचे चार्जर आणून तपासले. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग जमले तेव्हा आकाशात काही दिसायच्या आधी रेडिओ कडकडू लागला. दूरची वीज स्पीकरमध्ये ऐकू येते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक मुलगा वीज दिसल्याबरोबर रेडिओत कडकड आणि मग ढगांचा गडगडाट यातलं अंतर मोजत बसला होता. मी त्याला गच्चीवरून खाली आणलं आणि खिडकी बंद करून घरातून मोजायला लावलं.

आता तयार किटांबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही, क्रमाच्या बाजूने आहे. आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम लिहून चालवायचा बोर्ड फार सुंदर वस्तू आहे. इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ मध्ये या कामाची सुरुवात झाली, आराखडा सर्वांना खुला ठेवला, म्हणून आज त्याच्या नकला कायदेशीरपणे, चार-पाचशे रुपयांत मिळतात. १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी मेमरी, १४ डिजिटल पाय. आमच्याकडे एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावून मुलांनी गॅलरीतलं तापमान दिवसभर नोंदवलं. हा सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, उनो सुमारे ५ मिलिव्होल्टचे टप्पे वाचते, म्हणजे अर्ध्या अंशापर्यंतचा फरक कळतो. हा हिशोब नववीच्या मुलांनी स्वतः केला. पण हा प्रकल्प ५५५ आणि ट्रान्झिस्टर हातून गेल्यानंतरचा आहे. उनोवर दिवा लुकलुकवायला चार ओळी लिहाव्या लागतात, आणि ज्याने आधी कपॅसिटर भरताना-रिकामा होताना मीटरवर पाहिलाय त्यालाच त्या चार ओळींच्या मागे काय चाललंय हे समजतं. एका पालकांनी ऑनलाइन मागवलेलं मोठं स्टार्टर किट घेऊन एक मुलगा आला होता. खोकं देखणं, आत चाळीसच्या वर वस्तू, पुस्तिका मात्र अपुरी; कुठला सेन्सर कुठल्या पायाला हेही धड नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून मी ते खोकं बाजूला ठेवलं आणि त्याला एक एलईडी, एक रेझिस्टर आणि बॅटरी दिली. तासाभरात त्याचा हात मोकळा झाला.

लॅमिंग्टन रोडच्या तक्रारीही आहेत आणि त्या लपवणं बरं नाही. काही काउंटर सुटा नग देतच नाहीत. ‘शंभर के नीचे नहीं’ असं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यांचा धंदा होलसेलचा आहे, हे समजून पुढच्या गाळ्याकडे जायचं. त्याहून गंभीर गोष्ट बनावट आणि हलक्या मालाची. एका गाळ्यातून घेतलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घरी मोजला तेव्हा त्याच्या निम्माही भरला नाही. जाड पॉवर ट्रान्झिस्टरवर छाप पुसून नवा छापलेला मालही बाजारात फिरतो. म्हणून कपॅसिटर आणि पॉवर ट्रान्झिस्टर जरा महाग पडले तरी ओळखीच्या काउंटरवरूनच घेते, आणि मीटर पर्समध्ये ठेवते. बहुतेक दुकानदार काउंटरवर तपासू देतात. जो तपासू देत नाही त्याच्याकडून काही घेत नाही. एकदा घेतलेला माल परत होत नाही, हे सगळीकडे सारखंच आहे.

तिसरी तक्रार बायकांच्या वतीने करते. या गर्दीत दोन-तीन तास फिरल्यावर जायला स्वच्छ स्वच्छतागृह चटकन सापडत नाही. इतका पैसा रोज ज्या रस्त्यावर फिरतो तिथे ही सोय व्हायला हवी, आणि व्यापाऱ्यांनी ती मनावर घेतली तर होईल. मुलांना घेऊन जाणार असाल तर स्टेशनवरची सोय आधी पाहून ठेवा. गाडी नेऊ नका, ठेवायला जागाच नाही.

पुण्याच्या मंडळींना एवढ्या लांब यायची गरज नाही. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत साधे भाग, हत्यारं, ब्रेडबोर्ड, एलईडी सहज मिळतात, आणि तिथली दुकानं एकमेकांना लागून असल्यामुळे चालणंही कमी. लहान गावात राहणाऱ्यांनी गावातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्याशी ओळख करावी. त्याच्याकडे बीसी५४७, रेझिस्टर, सोल्डर वायर हमखास असते आणि जुन्या बोर्डांवरून काढलेले स्पीकर, हीटसिंक, नॉब तो आनंदाने देतो. ऑनलाइन मागवायचं झालं तर उनो, सेन्सर मॉड्यूल आणि जंपर वायर तिकडून घ्या, त्यात फारसा धोका नाही. गँग आणि फेराइट रॉड मात्र हाताने फिरवून, पाहूनच घ्यावेत.

पहिल्या खेपेसाठी माझी यादी ही: ५५५ पाच नग, आठ पायांचे बेस दहा, सीडी४०१७ दोन आणि तिचे सोळा पायांचे बेस, बीसी५४७ वीस, एलएम३८६ दोन, लाल आणि पिवळ्या एलईडी पंचवीस-पंचवीस, रेझिस्टरमध्ये ३३० ओहम, १ के, १० के, ६८ के आणि १०० के प्रत्येकी एक पाकीट, कपॅसिटरमध्ये ०.०१, ०.१, १०, १०० आणि २२० मायक्रोफॅरड, १०० के चे प्रीसेट, बझर, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या कॅप, झिरो पीसीबी (भाग सोल्डर करायची भोकांची पाटी), हुक-अप वायर तीन रंगांत. हत्यारं सोडून एवढं सगळं हजार-बाराशेत येतं आणि पाच-सहा मुलांना बरेच महिने पुरतं. पैसे सुटे न्या, बिल मागून घ्या. आयसी कोणत्या काउंटरवरून घेतली ते पाकिटावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला चांगल्या मालाच्या दुकानात थेट जाता येईल.